सोपं करणं आणि सोपवणं

‘रिसोर्स’ हा शब्द मी दोन जागी ऐकत मोठा झालो. एक जागा म्हणजे इंजिनिअरिंगचं होस्टेल. सबमिशनच्या आदल्या रात्री तिथे कोणीतरी ओरडायचं, ‘भाई, जावाचे चांगले रिसोर्सेस पाठव ना!’ दुसरी जागा म्हणजे चंद्रपूरचं घर. तिथे पेपर वाचता वाचता मोठी माणसं हा शब्द वापरायची आणि त्याचा अर्थ असायचा कोळसा, बांबू, तेंदूपत्ता, लोहखनिज. होस्टेलमधला रिसोर्स फुकट मिळतो आणि कितीही जणांनी घेतला तरी संपत नाही. घरच्या चर्चेतला रिसोर्स कोणीतरी मोजतो, कोणीतरी त्याचा परवाना देतो आणि मग तो ट्रकमध्ये भरून कुठेतरी जातो.

वरवर पाहता या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्हीकडे एक प्रश्न सारखाच आहे. कोणाला काय हवंय, किती हवंय आणि कोणत्या क्रमाने हवंय, हे ठरवायचं कोणी? हा प्रश्न मला इथे एका छोट्या, जवळजवळ खेळकर विषयाच्या निमित्ताने विचारायचा आहे. क्रिएटिव्ह कोडिंग शिकायचं असेल तर नवख्या माणसाने सुरुवात कुठून करावी? आणि त्याला वाट दाखवणाऱ्याची जबाबदारी नेमकी काय?

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. क्रिएटिव्ह कोडिंग म्हणजे कोड लिहून चित्र, हालचाल, आवाज असं काहीतरी घडवणं. बँकेचं ॲप बनवताना कोडकडून काय हवं ते आधीच ठरलेलं असतं. इथे ते लिहिता लिहिता सापडतं. हे आजचं फॅडही नाही. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. ‘पुढे जा, उजवीकडे वळ’ अशा सूचना ऐकत रेघ ओढणारं तिचं कासव पुढे जगभर प्रसिद्ध झालं. २००१ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी कलाकार-डिझायनरांसाठी ‘प्रोसेसिंग’ सुरू केलं. २०१३ मध्ये लॉरेन मॅकार्थीने तेच वेबसाठी नव्याने मांडायला घेतलं. त्याचं नाव पी-फाइव्ह-जेएस. ते ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणारा डॅनियल शिफमन ‘द कोडिंग ट्रेन’ या यूट्यूब चॅनेलवर हसतखेळत, स्वतः चुकत चुकत शिकवतो. त्याचं ‘द नेचर ऑफ कोड’ हे पुस्तकही ऑनलाइन फुकट वाचता येतं. म्हणजे रिसोर्सचा दुष्काळ नाही, पूर आहे.

या पुराशी माझी गाठ पडली ती मामेबहिणीमुळे. ती मूलला अकरावी सायन्सला आहे. मूल म्हणजे चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना लागणारं तालुक्याचं गाव, आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि त्यापलीकडे जंगल. तिने एक रील पाहिली होती. स्क्रीनवर ठिपके उमटतात, मग एक रेघ स्वतःच्याच नादात त्यांच्याभोवती वळसे घेत फिरते आणि बघता बघता रांगोळी पूर्ण होते. तिचा मेसेज आला, ‘दादा, हे कोडनं काढलंय म्हणे. कुठून शिकू?’

माझ्याकडे सात लिंका तयार होत्या. पाठवण्याआधी त्या मी एकेक करून फोनवर उघडल्या, कारण तिच्याकडे लॅपटॉप नाही. आणि प्रत्येक ‘बिगिनर-फ्रेंडली’ लिंकच्या आत मला एक माणूस बसलेला दिसायला लागला. धडा लिहिणाऱ्याच्या कल्पनेतला नवशिक्या. त्याच्याकडे कीबोर्ड आहे. त्याचं वायफाय मध्येच जात नाही. फाइल आणि फोल्डर यांतला फरक त्याला कोणी सांगावा लागत नाही. त्याला इंग्रजी समजतं, नुसतं वाचता येत नाही तर इंग्रजीतला विनोदही कळतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो अडला तर शेजारी विचारायला कोणीतरी आहे.

यात कोणाचा दुष्टपणा नाही. शिकवणारा माणूस समोर कोणीतरी कल्पल्याशिवाय शिकवूच शकत नाही. मीही हा लेख लिहिताना तुम्हाला कल्पतोच आहे, हातात फोन, बहुधा बसमध्ये किंवा झोपण्याआधी अंथरुणात. अडचण कल्पना करण्यात नाही. अडचण ही की ती कल्पना लिंकच्या शीर्षकात दिसत नाही. तिथे फक्त लिहिलेलं असतं, ‘अगदी सोपं’. आणि ‘सोपं’ हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. अवघड गोष्ट जमली नाही तर माणूस म्हणतो, अवघडच होती. सोपी म्हणून दिलेली गोष्ट जमली नाही तर तो म्हणतो, मीच मठ्ठ आहे. ज्याच्या परिस्थितीचा विचार धड्यात झालेला नाही, त्याच्यापुरता तो शब्द निकालपत्र होतो. आणि हा निकाल लागतो कुठे, तर बंद खोलीत, एकट्या मुलीच्या मनात. धडा लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग काय, सगळं आणखी सोपं करायचं? इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण अवघडपणा दोन प्रकारचा असतो आणि आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

एक अवघडपणा फुकटचा. शाळेत आलेख काढताना वाय-अक्ष वर जातो. पी-फाइव्हच्या पडद्यावर शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असतं आणि वाय खाली वाढत जातो. हे एका वाक्यात सांगितलं तर कोणालाही कळतं. नाही सांगितलं तर दहावीच्या भूमितीत पैकीच्या पैकी गुण मिळवलेली मुलगी अर्धा तास विचार करत बसते की माझं वर्तुळ खाली का गेलं. तसंच भाषेचं. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येतं. ‘त्रिज्या’, ‘ठिपका’, ‘ओळ’ ही नावं तिथे बिनतक्रार चालतात. आकडे मात्र इंग्रजीच लिहावे लागतात, ‘५०’ लिहिलं तर ते चालणार नाही. पी-फाइव्हची साइट हिंदीतही आहे, म्हणजे देवनागरी वाचणाऱ्याला निदान एक खिडकी उघडी आहे. मराठीतून शिकलेल्या मुलीला ‘रेडियस’ हा शब्द अडवत असेल तर तो अडथळा गणिताचा नाही, आपण न सांगितल्याचा आहे.

दुसरा अवघडपणा खरा, आणि तो काढून टाकला तर विषयच उरत नाही. पी-फाइव्हमध्ये ‘ड्रॉ’ नावाचा भाग असतो. तो साधारणपणे सेकंदाला साठ वेळा पुन्हा पुन्हा चालतो. पार्श्वभूमी रंगवण्याची ओळ त्याच्या आत ठेवली तर प्रत्येक वेळी आधीचं सगळं पुसलं जातं आणि चेंडू हलताना दिसतो. तीच ओळ बाहेर, सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या ‘सेटअप’मध्ये ठेवली तर काहीच पुसलं जात नाही. चेंडू जिथून जिथून गेला तिथली खूण राहते आणि लांबच लांब शेपूट तयार होतं. ओळ एकच, जागा बदलली की भूतकाळ राहतो किंवा जातो. हे समजायला डोकं लढवावंच लागतं, आणि समजल्यावर जो आनंद होतो तो त्या लढवण्याचाच असतो. तयार कोड कॉपी करायला देऊन हा टप्पा कोणी ‘सोपा’ केला, तर त्याने मुलीची मेहनत वाचवली नाही, तिच्या वाट्याचं काहीतरी काढून घेतलं.

पॅपर्टच्या विचारांत याचं एक सूत्र आहे. ते आपल्या घराच्या भाषेत मांडायचं तर, उंबरठा ठेंगणा हवा आणि छप्पर उंच. त्याच परंपरेतल्या मिचेल रेझनिकने, ज्याच्या गटाने २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ आणलं, त्यात भिंतीही ऐसपैस हव्यात अशी भर घातली. म्हणजे आत आलेल्या प्रत्येकाला एकाच दिशेने जावं लागू नये. मला हे सूत्र पटतं, पण त्यातून एक गोष्ट सुटते. घर कोणी बांधायचं? उंबरठा किती ठेंगणा ठेवायचा, हे घराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारलं का?

या प्रश्नावर मला सापडलेलं सगळ्यात स्पष्ट उत्तर कॉम्प्युटर सायन्सच्या पुस्तकातलं नाही. ते गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं आहे. मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड गाव. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे ते गाजलं आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांमध्ये त्याची गणना झाली. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. तोवर हा परवाना वनखात्याकडून यायचा. जंगल तेच, बांबू तोच, पण ‘न्या’ म्हणण्याचा अधिकार आता गावाकडे आला.

आपल्या विषयासाठी मात्र मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मेंढ्यात ‘अभ्यास गट’ नावाची रीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून ती रुजली आणि मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात या गावाची कहाणी सविस्तर सांगितली आहे. एखादा विषय समोर आला, कायदा असो, मधमाश्या असोत किंवा जंगल, की गावातले ज्यांना रस आहे ते लोक एकत्र बसतात. गरज पडली तर बाहेरचा जाणकार बोलावतात. तो त्याला ठाऊक आहे ते सांगतो, लोक विचारतात, वाद घालतात. पण अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांच्या सहमतीने होतो. जाणणं आणि ठरवणं या दोन गोष्टी जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या आहेत. जाणकाराला मान आहे, सत्ता नाही.

आता हीच मांडणी शिकण्याला लावून बघा. मेंढ्यातला माणूस वनकायद्यात नवशिकाच होता. पण तो विद्यार्थी म्हणून रांगेत बसला नव्हता. प्रश्न त्याचा होता, माहिती बाहेरून आली आणि माहिती घेतल्यावरही प्रश्न त्याच्याकडेच राहिला. आपले बहुतेक ऑनलाइन धडे याच्या उलटे चालतात. प्रश्नही शिकवणाराच आणतो. ‘आज आपण उसळणारा चेंडू बनवूया.’ का? मला चेंडू नको असेल तर? धडा कितीही गोड असला तरी शेवटी शिकणाऱ्याच्या हातात दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर पडतं. मराठीत ‘सोपं करणं’ आणि ‘सोपवणं’ हे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात, पण नैतिकदृष्ट्या त्यांच्यात बरंच अंतर आहे. सोपं करणारा दयाळू असतो. सोपवणारा विश्वास टाकतो. नवख्या माणसाचा दुसऱ्यावर हक्क आहे असं मला वाटतं. पहिलं मिळालं म्हणून दुसरं नाही मिळालं तरी चालेल, असं म्हणता येत नाही.

इथे एक रास्त शंका आहे आणि ती माझ्या मामाने माझ्यापेक्षा चांगली मांडली. तो म्हणाला, ‘हे शिकून तिले का भेटन, बाप्पा?’ यानं नोकरी लागते का, फी कुठून निघेल, हे सगळं त्या एका वाक्यात होतं. आमच्या दोन जिल्ह्यांत कोडिंग म्हणजे पुण्याचं तिकीट. ते खोटंही नाही. मी स्वतः त्याच तिकिटावर पुण्यात आलो. मग सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला रांगोळ्या हलवायला शिकवणं हा माझ्यासारख्या पगारदार माणसाचा चोचला तर नाही ना? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड बाकीच्या जगापासून तुटतं. अशा जिल्ह्यात कलेचा कोड ही चैन नाही का?

मामाला मी खरं तेच सांगितलं: यानं थेट नोकरी लागत नाही. ‘पुढे उपयोग होईल’ असं गुळमुळीत आश्वासन देणं मला पटत नाही. त्यातून काही कौशल्य हाताला लागतं, लूप कळतो, फंक्शन कळतं, पण नोकरीसाठीच शिकायचं तर याहून सरळ रस्ते आहेत. खोट्या आशेवर शिकवलेली कला ही आणखी एक फसवणूक होईल.

पण ‘गरिबाला उपयोगाचंच शिकवा’ या म्हणण्यातही एक ‘ठरवणारा’ लपलेला आहे. उपयोग म्हणजे काय, हे परत दुसरंच कोणीतरी ठरवतंय. आमच्याच भागातलं उदाहरण देतो. धान कापून झालं, दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं केंद्र. मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी मंडप पडतात, लोक तिकीट काढून रात्रभर नाटक बघतात आणि पहाटे घरी जातात. वर्षभर चिखलात रोवणी करणाऱ्या या माणसांना नाटकाचा उपयोग काय, असं विचारायची कोणाची हिंमत नाही, कारण ते त्यांनी स्वतः ठरवलेलं आहे आणि त्याचे पैसे स्वतः मोजलेले आहेत. गरज आणि चैन यांच्यातली रेघ बाहेरून ओढली की ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडते.

आणखी एक गोष्ट. आमच्या तालुक्यांत बहुतेक मुलांची कॉम्प्युटरशी पहिली ओळख कशी होते? जातीच्या दाखल्याचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा फॉर्म, परीक्षेचा फॉर्म. स्क्रीन विचारते, माणूस उत्तर देतो. लाल तारा असलेली चौकट रिकामी ठेवली तर पुढे जाता येत नाही. हे नातं एकदा पक्कं झालं की आयुष्यभर यंत्रासमोर आपण अर्जदार. क्रिएटिव्ह कोडिंगमध्ये पहिल्याच दिवशी हे नातं उलटतं. मी सांगतो, यंत्र करतं. मी वेगळं सांगितलं, ते वेगळं करतं. चुकलो तर कोणी नापास करत नाही, उलट कधी कधी चुकीतूनच जास्त चांगलं चित्र निघतं. हा अनुभव नोकरी देत नाही. पण ज्याच्या पोटात तो आहे, तो माणूस पुढे स्क्रीनवर ‘सिस्टीम अलाऊ करत नाही’ असं ऐकल्यावर निदान मनात तरी विचारतो: सिस्टीमला हे सांगितलं कोणी?

मग मी तिला काय पाठवलं? सातपैकी दोनच लिंका. एक पी-फाइव्हच्या ऑनलाइन एडिटरची आणि एक शिफमनच्या पहिल्या काही व्हिडिओंची. त्यांच्याआधी एक व्हॉइस नोट, वाय खाली जातो आणि आकडे इंग्रजीत, एवढंच सांगणारी. आणि एक अट. एकटीने शिकायचं नाही, दोन मैत्रिणी घ्यायच्या. फोन एक असला तरी चालेल. तीन डोकी एका फोनवर असली की एकीला आलेली शंका तिघींची होते आणि ‘मीच मठ्ठ’ हा निकाल लागायला जागा राहत नाही.

सुरुवात मात्र फोनशिवाय करायची होती. व्हेरा मोल्नार नावाची चित्रकार होती. १९२४ मध्ये बुडापेस्टला जन्मली, आयुष्य पॅरिसमध्ये गेलं, २०२३ च्या डिसेंबरमध्ये शंभरीच्या उंबरठ्यावर गेली. तिच्या हाती प्रत्यक्ष कॉम्प्युटर आला १९६८ मध्ये. पण त्याआधी जवळजवळ दशकभर ती मनातल्या मनात एक यंत्र कल्पून काम करत होती. आधी नियम ठरवायचे, मग ते पाळत हाताने चित्र काढायचं. म्हणजे कॉम्प्युटरवर चित्र काढणाऱ्या पहिल्या काही कलाकारांपैकी एकीने सुरुवात कागदावर केली होती. मी मुलींना सांगितलं, पाच बाय पाच ठिपके काढा, एक नाणं घ्या. छापा पडला तर उजवीकडे रेघ, काटा पडला तर खाली. बघा काय होतं.

दोन दिवसांनी तिने वेगळाच कागद पाठवला. तिने नाणं सोडून आईला गाठलं होतं. माझी मामी सिरोंचाकडची. गडचिरोलीच्या त्या दक्षिण टोकाला घरात तेलुगू बोलतात आणि दारात मुग्गू घालतात. आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती न तुटणारी रेघ. मुलीने विचारलं, रेघ कधी वळवायची? मामी म्हणाली, हात जातो तशी. मुलगी म्हणाली, तसं नाही, नियम सांग. मग मामीने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताकडे थांबून पाहिलं. ठिपका डावीकडे ठेवायचा, पुढच्याला उजवीकडे, कडेला आलं की मागे फिरायचं.

हे काही नवीन नाही. १९७० च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृथिवासन यांनी दारातल्या कोलमचा अभ्यास करून, अशी चित्रं घडवणारे नियम गणिती व्याकरणाच्या रूपात मांडले. १९७४ चा त्यांचा निबंध आजही संगणकशास्त्रात उल्लेखला जातो. पण यावरून ‘आपल्या आया-आज्या मूळच्या कोडर’ असं म्हणून टाळ्या घेणं मला आवडत नाही. बांबूची टोपली विणणाऱ्या बाईला ‘अल्गोरिदम एक्स्पर्ट’ म्हटल्याने टोपलीचा भाव एका रुपयाने वाढत नाही. कौतुक हाही कधी कधी काहीतरी फुकट घेऊन जाण्याचा मार्ग असतो. कोणाचा नमुना आपल्या कोडमध्ये आणायचा तर त्याचं नाव लिहावं, विचारून घ्यावं आणि काही मिळालंच तर वाटून घ्यावं. बांबूच्या परवान्याची गोष्ट इथेही लागू होते. ओपन सोर्सच्या जगात आपण लायसन्सच्या ओळी इमानदारीने जपतो. दारातल्या रांगोळीला लायसन्स नसतं, म्हणून तिला धनी नाही असं होत नाही. मामेबहिणीने न सांगता हे केलं. तिच्या कोडची पहिली ओळ कॉमेंट आहे: ‘नियम आईचे, चुका माझ्या.’

त्या कोडमध्ये तिने ‘रँडम’ वापरून ठिपक्यांचे रंग बदलले, तेव्हा तिचा प्रश्न आला, ‘दादा, रँडम म्हणजे खरंच कोणीच ठरवत नाही का?’ मी सांगितलं, ठरवतं, फक्त आपल्याला दिसत नाही. कॉम्प्युटर तो आकडा हिशेब करूनच काढतो. ‘सीड’, म्हणजे बी, ठरवून दिलं की दर वेळी तीच रांगोळी उगवते. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे आपल्याला जे नशीब वाटते, त्याचं पण कुठं बी असू शकते?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही, पी-फाइव्हच्या साइटवरही नाही. पण हा प्रश्न कोणत्याही धड्याच्या अनुक्रमणिकेत नव्हता. तो तिचा होता.

तुमच्यातला कोणीतरी आता म्हणेल, आजकाल एआयला सांगितलं की मुग्गूचा कोड मिनिटात लिहून मिळतो, मग एवढी खटपट कशाला? एआयला मी नावं ठेवणार नाही. जिच्या शेजारी विचारायला कोणी नाही, तिला रात्री अकरा वाजता मराठीत उत्तर देणारं काहीतरी मिळणं ही मोठी गोष्ट आहे. जाणकार म्हणून त्याला जरूर बोलवावं. पण अभ्यास गटाचा नियम त्यालाही लावावा, मान द्यावा, सत्ता नको. पूर्ण चित्र मागितलं तर पूर्ण चित्र मिळेल आणि तिथेच गोष्ट संपेल. ‘माझी रेघ इथे का तुटते?’ असं विचारलं तर गोष्ट पुढे जाईल. फरक यंत्रात नाही, प्रश्न कोणाच्या हातात राहिला यात आहे.

राहता राहिली उधारी. मी जे फुकट शिकलो ते कोणीतरी पगार नसताना, रात्री जागून लिहिलेलं होतं. ते कर्ज मूळ माणसाला परत करता येत नाही. ते पुढच्यालाच फेडावं लागतं, आणि पुढचा माणूस कोणत्या भाषेत अडलाय हे बघून फेडावं लागतं. मराठीतही हे काम अजून पुष्कळ बाकी आहे, आणि मराठी ही या जंगलातली एकमेव भाषा नाही. धानोरा तालुक्यातल्याच मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. म्हणजे तिथल्या मुलीने स्वतःच्या लिपीतलं अक्षर स्क्रीनवर आणून ते नाचवावं, याला आता तांत्रिक अडचण फारशी उरलेली नाही. तो धडा मी लिहू शकणार नाही, मला गोंडी येत नाही. मी फार तर वाय खाली जातो एवढं सांगून बाजूला होऊ शकतो.

तुमच्याकडेही कोणीतरी विचारणारं असेल, धाकटा भाऊ, शेजारची मुलगी, ऑफिसमधला शिपाई. लिंक पाठवायला हरकत नाही. पण आधी ती त्याच्या फोनवर, त्याच्या भाषेत आणि त्याच्या रेंजमध्ये उघडून बघा. फुकटचे अडथळे सांगून टाका, खरा अवघडपणा तसाच राहू द्या. आणि ‘तुला नेमकं काय काढायचंय?’ हे विचारून उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर यायला कधी कधी दोन दिवस लागतात.